आठ माणसं, ३७१ चौरस फूट: घर बसवतानाच्या नोंदी

रविवार, ६ एप्रिल २०२५

आज रामनवमी. जेवणं उरकून मी आणि दादा नव्या जागेचं माप घेऊन आलो. नवी म्हणजे भाड्याची. ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि मेअखेर ती रिकामी करून द्यायची आहे. करारात ३० महिने लिहिलेत. तेवढे दिवस या वनबीएचकेत आठ जण: आजी, आई, अण्णा, दादा, वहिनी, मनी, छोटू आणि मी.

दलालाने ५४० चौरस फूट सांगितलं होतं, ते बिल्टअप, म्हणजे भिंती वगैरे धरून. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं, ३४.५ चौरस मीटर. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ३७१. जुनं घर ६४० चं. माणशी ८० फुटांवरून आम्ही ४६ वर येतोय.

मापं: हॉल १० बाय १५, बेडरूम १० बाय साडेदहा, स्वयंपाकघर ७ बाय ९, मोरी ४ बाय ६, संडास ३ बाय ४, मधला बोळ ३ बाय ५. उंची ९ फूट, बीमखाली ७ फूट ४ इंच. हॉलचा एकही कोपरा काटकोनात नाही. खिडकीकडची भिंत दीड इंच तिरकी आहे. टेप तीन ठिकाणी धरून मोजली. कपाटं भिंतीला टेकवायची असतील तर सर्वांत कमी माप धरायचं. ऑफिसात रोज ड्राफ्टिंग करत असल्यामुळे तेवढी सवय आहे.

एवढ्याच भाड्यात घोडबंदर रोडला टूबीएचके मिळत होतं. पण मनीची दहावी, छोटूची शाळा, आजीचे डॉक्टर आणि अण्णांची तलावपाळीवरची सकाळची फेरी, सगळं इथे चालत होतं. दुसरी एक जागा ४२० फुटांची होती, तिच्यात संडास-मोरी एकत्र. तिला मी नकार दिला. आठ माणसांच्या घरात एक जण अंघोळीला गेल्यावर दुसऱ्याचा संडास अडता कामा नये, आणि दात घासायचं बेसिन दोन्हींच्या बाहेर हवं. इथे तिन्ही वेगळी आहेत. ५० फूट कमी घेऊन हे मिळालं, याचं मला समाधान आहे.

गुरुवार, १० एप्रिल

मालकांशी बोलणं झालं. भिंतीला भोकं पाडायला हरकत नाही, जाताना बुजवून रंग लावून द्यायची. तोडफोड नाही, ओट्याला हात लावायचा नाही. त्यामुळे जे करायचं ते उभं राहणारं, नट-बोल्टचं, सोडून नेता येईल असं.

रविवार, २० एप्रिल

कागदावरचा नकाशा घरच्यांना कळत नाही. दर वेळी आई म्हणते, "हो हो, छान आहे," आणि दुसऱ्या दिवशी विचारते, "शोकेस कुठे ठेवायचं?" म्हणून आज जुन्या हॉलमधलं फर्निचर एका बाजूला सारलं आणि खडूने नव्या हॉलच्या रेषा जमिनीवर मारल्या. दाराची पाती जिथवर उघडतात तिथवर अर्धगोल काढले. फ्रिज, दिवाण, आजीची खाट जुन्या वर्तमानपत्रांतून खऱ्या मापात कापून अंथरली.

मग सगळे त्या रेषांच्या आत आले. कोणी काही बोलेना. दादा दिवाणाच्या कागदावर बसला, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, छोटू रेषेवरून पाय टाकत चालला. आजी वॉकर घेऊन दारापासून निघाली आणि दिवाण आणि फ्रिजच्या मध्ये अडकली. मी २६ इंच सोडले होते. तिचा वॉकर पायाशी २४ इंच रुंद आहे, पण वळताना त्याला ३० तरी लागतात आणि वहिनी जेवणाचं ताट घेऊन बाजूने जाणार असेल तर ३६. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरी मी २६ काढले होते. फ्रिज बोळाच्या तोंडाशी सरकवला. आजी पुन्हा निघाली, सरळ गेली.

आईने त्याच वेळी शोकेसचा कागद स्वतःच उचलला, घडी केली आणि कोपऱ्यात ठेवला.

शनिवार, ३ मे

सामानाची मोजदाद. आठवडाभर चाललीय. गाद्या ११, त्यातल्या ४ पाहुण्यांच्या. लोखंडी कपाटं ३. स्टीलचे डबे लहान-मोठे मिळून ५३. पितळेची घागर, दोन पातेली, परात. पाटा-वरवंटा. पाण्याचं २०० लिटरचं पिंप. गणपतीचं मखर. अण्णांच्या फायलींचे पाच खोके. आजीची ट्रंक.

ठरवलेला नियम असा: गेल्या एका वर्षात वापरलं नाही ते नेणार नाही. त्याला दोन अपवाद, मखर आणि आजीची ट्रंक. पितळेची भांडी मावशीकडे बदलापूरला, तिच्याकडे माळा आहे. गाद्या ७ राहिल्या. सोफा दिला.

खरी चर्चा झाली साठवणीवर. आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचे गहू, तांदूळ, तिखट, हळद भरतात. नुसत्या गहू-तांदळालाच केवढी तरी जागा लागते. आईने आयुष्यभर हे केलंय; डबे भरलेले असले की तिला घर भरलेलं वाटतं. मी म्हटलं, महिन्याचंच आणू. ती म्हणाली, "मेमध्ये निवडून, वाळवून ठेवलेल्या गव्हाची पोळी आणि दुकानातल्या पाच किलोच्या पिशवीची पोळी एक नव्हे." ते खरं आहे. शेवटी मसाला, तिखट आणि हळद वर्षाची करायची, त्यांना जागा थोडी लागते. गहू दोन महिन्यांचा. आईने मान्य केलं, पण निवडायची चाळण तिने वर्तमानपत्रात गुंडाळून "न्यायचं" वाल्या ढिगात ठेवली. तिथेच राहू दे.

रविवार, ११ मे

झोपायच्या जागा. बेडरूममध्ये आजीची खाट दाराजवळ, म्हणजे रात्री संडासला सात पावलं. तिथेच दोनमजली पलंग: खाली मी, वर मनी. हॉलमध्ये आई-अण्णा दिवाणावर, दादा-वहिनी आणि छोटू पडदा ओढून जमिनीवर गाद्यांवर.

पलंग फॅब्रिकेशनवाल्याकडून. ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, २ मिलिमीटर जाड. मी सांगितलं की चार उभे खांब आणि आडव्या फ्रेमी वेगवेगळ्या करा, जोडाला बोल्ट टाका. तो म्हणाला वेल्डिंग मजबूत होतं. होतं, पण तो सांगाडा लिफ्टमध्ये मावणार नाही आणि परत नेता येणार नाही. प्रत्येक जोडाला दोन बोल्ट, खाली रबरी बूट, आणि वरच्या टोकाला भिंतीत दोन पट्ट्या, म्हणजे हलणार नाही.

उंचीचं गणित दोनदा केलं. खालच्या गादीचा वरचा भाग १७ इंचांवर. माणसाला मान न वाकवता बसायचं तर त्यावर तीन फूट तरी हवेत. म्हणून वरची फ्रेम ४ फूट ६ इंचांवर, वरची गादी ५ फुटांवर. वर राहतात ४ फूट. मनीला बसून वाचता येतं.

पण पंखा! ४८ इंचांचा सीलिंग फॅन खोलीच्या मधोमध. त्याची पाती मध्यापासून दोन फूट येतात, पलंग भिंतीपासून अडीच फूट. म्हणजे पात्याचं टोक आणि वरच्या गादीची कड यांच्यात जेमतेम सहा इंच. झोपेत उठून बसलेल्या मुलीने हात लांब केला तर काय होईल, हा विचार येताच पेन्सिल खाली ठेवली. सीलिंग फॅन उतरवून मालकांच्या माळ्यावर, त्याऐवजी भिंतीवरचे दोन पंखे. वरच्या पलंगाला चारही बाजूंनी गादीच्या वर एक फूट कठडा. छोटूने वर झोपायचा हट्ट केला. तो आठ वर्षांचा आहे, झोपेत लोळतो. नाही म्हणून सांगितलं.

शुक्रवार, २३ मे

शिफ्टिंग झालं. टेम्पोच्या दोन खेपा. प्लायचे आठ बाय चारचे तक्ते लिफ्टमध्ये जाईनात. सुतारकाकांनी खाली पार्किंगमध्येच कापून घेतले.

सोमवार, २६ मे

पाऊस आला. आजच मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं वेधशाळेने जाहीर केलं, नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. आमच्या कपड्यांच्या दोऱ्या अजून खोक्यात.

आठ माणसांचे रोजचे कपडे मोजले: २७. शाळा सुरू झाली की गणवेश धरून ३१. बाल्कनी नाही. खिडकीबाहेरच्या ग्रिलवर दहा मावतात आणि पावसात तेही नाही. बोळाच्या छताला दोरी-कप्पीवर वर-खाली होणाऱ्या सहा दांड्या लावल्या. बोळाच्या टोकाला मोरीचा झरोका आहे, त्यात एक्झॉस्ट फॅन. मोरीचं दार उघडं ठेवून तो चालवला की हॉलच्या खिडकीतून आलेला वारा बोळातून कपड्यांवरून बाहेर जातो. मशीनमध्ये शेवटी एकदा जास्त पिळून काढायचं. दोन दांड्यांमध्ये सहा इंच हवेतच. तीन-तीन इंचांवर लावल्या होत्या तेव्हा मधले कपडे दुसऱ्या दिवशीही ओले होते. जीन्स आणि चादरी रोज नाहीत, माणशी वार ठरवून.

रविवार, १ जून

स्वयंपाकघर. ७ बाय ९ मधून २ फूट ओटा, एक फूट समोरची मांडणी. उभं राहायला चार फूट. रोजच्या चौतीस-पस्तीस पोळ्या. आईची रीत अशी की एकीने लाटायच्या, एकीने भाजायच्या. दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या की तिसऱ्याला पाणी प्यायला आत जाता येत नाही.

म्हणून भिंतीवर मिटणारं टेबल, २ बाय ३. त्याच्यावर वहिनी लाटते, मागे वळून आई तव्यावर टाकते. सकाळी नाश्ता, दुपारी आईचं निवडणं-टिपणं, पहाटे मनीचा अभ्यास, एकाच फळीवर. बसवलं आणि चूक सापडली. मांडणीचं खालचं कपाट टेबलाच्या पायाकडे उघडतं; टेबल उघडं असताना तांदळाचा डबा निघत नाही. नकाशावर मी ते दार डावीकडे उघडणारं काढलं होतं, सुतारकाकांना उजवीकडचं सांगितलं होतं. बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला लावायला त्यांनी २० मिनिटं घेतली, जुनी भोकं पुट्टी भरून बुजवली.

सोमवार, १६ जून

शाळा सुरू. आज पहिल्यांदा सकाळ सगळी घड्याळावर चालली आणि ती जमली, म्हणून लिहून ठेवते.

मनी सातला निघते, दादा ७.४० ला, मी ८.५० ला, वहिनी ९ ला. छोटूची शाळा दुपारची. पंधरा लिटरचा गीझर. त्यात ६० अंशांचं पाणी थंड पाण्यात मिसळून अंघोळीचं केलं तर साधारण दोन बादल्या होतात. नंतर टाकी पुन्हा तापायला, २ किलोवॉटच्या कॉइलला, १७ मिनिटं. म्हणजे दोन गरम अंघोळींनंतर १७ मिनिटांची खोट येते. ती भरून काढायला दादा आणि मी थंड पाण्यावर आलो आणि आमचे नंबर मध्ये घातले. मनी ५.५०, आई ६.०५, मग दादा आणि लगेच मी थंड, तेवढ्यात पाणी तापतं, मग अण्णा, वहिनी. आजी आणि छोटू सगळे गेल्यावर, निवांत. आजीला घाई करायची नाही, मोरीत ओली फरशी आहे. आतून दोन स्टीलच्या मुठी बसवल्यात, एक बसताना धरायला आणि एक उठताना.

पहाटे ५ ते ५.५० स्वयंपाकघर मनीचं. दार लोटून, टेबल उघडून, ओट्याखालची ट्यूब लावून. ५.५० ला आई चहाला येते तेव्हा ती वही मिटते. संध्याकाळी ७ ते ९ जवळच्या अभ्यासिकेत जाते. अण्णांच्या बातम्यांना कानाला लावायचे हेडफोन आणले. पहिले दोन दिवस ते रागावले होते, आता स्वतःच घालतात कारण त्यांना ऐकूही नीट येतं.

घर जागेने लहान असलं तरी दिवस चोवीस तासांचा आहे. एकच टेबल पाच जणांना पुरतं, जर पाच वेळा रिकामं करून दिलं तर. काम झालं की स्वतःचं सामान उचलायचं, हा एक नियम सगळ्यांना, अण्णांनाही.

शनिवार, ५ जुलै

उद्या आषाढी एकादशी. आईने नेसायला तिचं जांभळं रेशमी लुगडं काढलं. कपाट उघडताच ओल्या पोत्यासारखा वास आला. लुगडं खालच्या कप्प्यात, सुती पंच्यात बांधलेलं होतं. पंचा सोडला तर घडीच्या बाहेरच्या कडेवर, जरीच्या काठाला लागून, पांढरे ठिपके. बोट लावलं तर पीठ लागल्यासारखं. तिसऱ्या घडीपर्यंत ते आत गेलं होतं. आजीचं लुगडं हे. आईला लग्नात मिळालेलं.

आई काही बोलली नाही. दिवाणावर पसरून ती पंख्याखाली बसली आणि मऊ कोरड्या फडक्याने काठ पुसत राहिली, एका दिशेने, हळू. जरीचा रंग दोन ठिकाणी काळवंडलाय. तो परत येणार नाही.

चूक माझी. ते कपाट मी पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला अगदी टेकवलं होतं, इंचभर जागाही वाया जाऊ नये म्हणून. पावसाचा मारा त्याच भिंतीवर. भिंत आतून थंड राहते, घरातली दमट हवा तिच्यावर ओल धरते, आणि मागे वारा नसल्यामुळे ती वाळत नाही. आठ माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची, ३१ कपड्यांची वाफ या ३७१ फुटांत फिरतेय, हे मी हिशेबात घेतलंच नव्हतं.

रात्री दादाने आणि मी कपाट काढलं. मागची भिंत हिरवट-काळी. ब्लीचिंगच्या पाण्याने धुतली, पुसली, उघडी ठेवली. कपाट आता आतल्या भिंतीला, तरीही तीन इंच सोडून, आणि खाली चार इंचांचे पाय. त्या बाहेरच्या भिंतीला आता काही टेकवायचं नाही. रेशमी कपडे वरच्या कप्प्यात. आठवड्यातून एकदा, ऊन असेल त्या दिवशी, सगळ्या कपाटांची दारं दोन तास उघडी.

मंगळवार, १५ जुलै

रात्री अकरा. वहिनी भांडी घासत होती, मी पुसून ठेवत होते. ती अचानक म्हणाली, "तुला एक सांगायचंय, रागावू नकोस. सात आठवडे मी साडी मोरीत नेसतेय. ओल्या फरशीवर, निऱ्या दातात धरून. दार लावून पाच मिनिटं बसता येईल अशी एक जागा मला या घरात नाही."

मी हातातली वाटी पुसतच राहिले. रागावण्यासारखं काय होतं त्यात?

तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं. पण मला माझा नकाशा डोळ्यांसमोर दिसला. आजीला संडास जवळ, मनीला अभ्यासाला शांतता, अशी कारणं लिहून मी घरातली एकुलती दाराची खोली ज्या तिघींना दिली त्यांत एक मी होते. आणि नवरा-बायकोला, दिवसभर नोकरी करून येणाऱ्या बाईला, एक पडदा. पडदा कोणीही सरकवतो. छोटू पाणी प्यायला उठतो, अण्णा रात्री दोनदा उठतात. ती दोघं कुजबुजतसुद्धा नसतील. हे सगळं मला दिसत होतं आणि मी ते जागेची अडचण म्हणून सोडून दिलं होतं.

बुधवार, १६ जुलै

आजीशी बोलायला गेले. मला वाटलं तिला हॉलमध्ये आणायचं म्हणजे तिच्यावर अन्याय. ती म्हणाली, "अगं, मीच सांगणार होते. मला आत का टाकलंय? बाहेर कोण आलं, कोण गेलं, मला काही कळत नाही. दार वाजलं की कोण म्हणून विचारते, तर कोणी उत्तर देत नाही."

दोन महिने ती त्या खोलीत दिवसभर एकटी पडून होती आणि आम्हाला वाटत होतं तिला आराम मिळतोय.

रविवार, २० जुलै

अदलाबदल केली. बोल्टचा पलंग ४० मिनिटांत सुटला. तेरा-चौदाच्या पान्याने मी आणि मनीने सोडला, दादाने फ्रेमी बाहेर काढल्या. हॉलच्या लांब भिंतीला, पंख्यापासून लांब पुन्हा उभा केला. खाली ११ इंच रिकामे होते, तिथे चाकांवरची सहा इंच उंचीची पेटी-खाट करून घेतली. रात्री बाहेर ओढायची, त्यावर छोटू. दिवसा आत जाते. मजुरी धरून ४,२०० रुपये.

आता हॉलमध्ये सहा जण: आजी, आई, अण्णा, मनी, मी, छोटू. रात्री चालायला एकच वाट राहते, आजीच्या खाटेपासून बोळापर्यंत, ३२ इंच. त्या वाटेवर चप्पलसुद्धा ठेवायची नाही. जमिनीलगत छोटा दिवा लावलाय, रात्रभर जळतो. बोळाच्या तोंडाशी खाट असल्यामुळे संडास आता पाच पावलांवर.

माझ्या आणि मनीच्या पलंगाला आतून जाड सुती पडदे. मला वाचायला डोक्याशी दिवा, पायाशी एक फळी. त्या फळीवर दुसऱ्या कोणाचं काही ठेवायचं नाही, हेही ठरलं. प्रत्येकाला अशी एक फळी किंवा खण: अण्णांना दिवाणाखालचा ड्रॉवर, छोटूला पेटी-खाटेच्या कडेचा कप्पा, आईला मांडणीचा वरचा खण. आजीची ट्रंक खाटेखाली.

बेडरूम दादा-वहिनीची. तिचं दार खालून फुगलं होतं, कडी बसत नव्हती. सुतारकाकांनी रंधा मारून घेतला आणि नवी कडी लावली. दिवसा ती खोली सगळ्यांची. छोटूचा गृहपाठ तिथेच, कपडे घड्या घालायचं काम तिथेच. रात्री दहानंतर नाही.

संध्याकाळी वहिनी आत गेली, दार लावलं, कडीचा आवाज आला. अर्ध्या तासाने बाहेर आली. केस धुऊन, मोकळे सोडून.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबत नाही. शाळांना सुट्टी, दादा आणि मी घरून काम, वहिनी निघाली होती ती स्टेशनवरून परत आली. घर घेतल्यापासून पहिल्यांदा आठही जण पूर्ण दिवस आत.

अकरापर्यंत ठीक होतं. मग दादाची मीटिंग, माझा कॉल, छोटूचा चेंडू आणि कुकरच्या शिट्ट्या एकदम. अण्णा चिडले, छोटू रडला. आईने सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, एक ते तीन कोणी बोलायचं नाही, झोपा नाहीतर वाचा. मी मनीच्या पलंगावर पडदा ओढून काम केलं, दादा बेडरूममध्ये, मनी स्वयंपाकघरात. तीन वाजता भजी झाली. ही दोन तासांची शांतता आता पावसाळ्याच्या प्रत्येक सुट्टीला पाळायची.

गुरुवार, २८ ऑगस्ट

दीड दिवसाच्या गणपतीचं आज विसर्जन झालं, कृत्रिम तलावात.

मखर नेलं नाही म्हणून बरं झालं असं कोणी म्हणू शकलं नाही, कारण आम्ही ते नेलं होतं आणि ते मावलं नाही. हॉलमध्ये कुठेही ठेवलं तरी आजीची वाट अडत होती. शेवटी स्वयंपाकघराचं मिटणारं टेबल हॉलच्या भिंतीवर हलवलं, मखराची फक्त मागची कमान घेतली, खांब नाही. मूर्ती नऊ इंचांची. दोन दिवस पोळ्या ओट्यावरच लाटल्या.

पाहुण्यांना आधीच कळवलं होतं, ५ ते ९ मध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाने या. पेटी-खाट आत, दिवाणावर चार, पलंगाच्या खालच्या गादीवर तीन, बाकी सतरंजीवर. संध्याकाळी आरतीला एका वेळी १९ माणसं होती. दार उघडं ठेवलं, शेजारचे काका-काकू जिन्यातूनच टाळ्या वाजवत होते.

दुपारची पंगत मात्र आम्ही आठ जणांनी एकत्र बसवली. एका माणसाला पानासकट दोन फूट, समोरासमोर चार-चार, म्हणजे आठ फूट लांब. वाढायला मध्ये अडीच फूट. दिवाण उभा करावा लागला. आजीला खाली बसता येत नाही, तिचं पान खाटेसमोर स्टुलावर, रांगेच्या टोकाला. उकडीचे मोदक तिने तीन खाल्ले.

रविवार, १४ सप्टेंबर

जुन्या इमारतीचं पाडकाम सुरू झालंय. अण्णा फेरीवरून येताना रोज बघून येतात आणि किती मजले उरले ते सांगतात. आज आमचा मजला गेला.

राहिलेली कामं: मोरीच्या दाराला खालून ॲल्युमिनियमचा पत्रा. बोळातल्या दुसऱ्या कप्पीची दोरी झिजलीय, नायलॉनची आणायची. आईच्या लुगड्याचा काठ दाखवायला रफूवाल्याकडे. पलंगाचे बोल्ट बसवून दोन महिने होत आले, पुन्हा आवळून घ्यायचे. आईने निवडायची चाळण मागितलीय. ऑक्टोबरच्या उन्हात पाच-सहा किलो गहू गच्चीवर वाळवायचा म्हणते. सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्चीची किल्ली विचारायची.